जिल्हाभर फिरलेलं नीलवंत

चहा घ्या आधी, पण हसताना सांडू नका. मी जे करून बसलो ते अख्ख्या मारेगावले माहीत हाय, मंग तुमच्यापासून कायले लपवू?

माहं बियाण्याचं दुकान. दर रविवारी सकाळी आम्ही काही जण नाल्याकाठच्या ठरलेल्या वाटेनं हळूहळू चालतो अन् फुलपाखरं मोजतो. मोजणी ग्रुपवर येते, मी ती दुकानातल्या कॉम्प्युटरवर भरतो आणि यवतमाळच्या कॉलेजातल्या मॅडमले पाठवतो. दुकानात कॉम्प्युटर म्हणून मी डेटावाला! काय तो रुबाब माहा. घरी भाजीत मीठ कमी पडलं तरी मी म्हणायचो, नोंद करून ठेवा.

यंदा मॅडम आमची मोजणी राज्याच्या नकाशावर टाकणार होत्या, सगळ्यायले पाहता येईल अशी. शेजारचे शब्बीरभाई, दुचाकी मेकॅनिक, एकही रविवार न चुकवणारा माणूस, ते तर गिऱ्हाइकायलेही सांगून राह्यले होते.

अन् तेवढ्यात माह्या अंगणातल्या लिंबावर नीलवंत येऊन बसलं. काळंभोर, पंखावर निळी झाक, आपल्या राज्याचं फुलपाखरू! आमच्याकडं क्वचितच दिसते. मी पटकन फोटो काढला आणि फुलपाखरांच्या ग्रुपवर, नातेवाईकांच्या ग्रुपवर, भिशीच्या ग्रुपवर, जिथं जमलं तिथं टाकला.

चार दिवसांनी महागावहून वहिनीचा फोटो आला. नीलवंत, खाली गुलाबाची फुलं आणि 'शुभ सकाळ'. मंग पुसदहून साडभाऊचा, त्यात फुलपाखराचं तोंड दुसरीकडं. वणीहून एक आला, दिग्रसहून एक, त्यावर तर गणपतीही बसवला होता. मले काय आनंद झाला, काय सांगू! जो फोटो येईल त्याची नोंद. महागावले एक, पुसदले एक, वणीले एक. कोणाले विचारायचं सुचलं काय? अजिबात नाही.

मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, "काका, हे खरं असेल तर फार मोठी गोष्ट आहे. पण चुकीचं निघालं, तर तुमच्या ग्रुपच्या बाकीच्या मोजणीवरही कोणी विश्वास ठेवणार नाही. फोटो बघायला मीच येते."

मी म्हटलं, या ना मॅडम, फोटो हायत आपल्यापाशी.

मॅडम आल्या. दुकानात आमचा सगळा ग्रुप जमला. मॅडमनं सगळे फोटो कॉम्प्युटरच्या पडद्यावर शेजारी शेजारी मांडले. मंग हळूच म्हणाल्या, या सगळ्यांचा एकेक पंख फाटलेला आहे, तोही अगदी एकसारखा. मी आपला शहाणा! म्हटलं, पक्ष्यानं चोच मारली असंन बिचाऱ्यायले.

शब्बीरभाई चष्मा वर करून पडद्याजवळ गेले. "काहून हो भाऊ, ये पट्टेवाली चड्डी भी हर गाव में सूख रही है क्या?"

मागं दोरी होती. दोरीवर चड्डी. गुलाबाच्या मागं चड्डी, गणपतीच्या बाजूले चड्डी. तेवढ्यात बायको चहा घेऊन आली, पडद्याकडं पाह्यलं आणि सहज म्हणाली, "अहो, ही तं तुमची."

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. पण चड्डीपेक्षा शब्बीरभाईचं उतरलेलं तोंड पाहून मले रडू यायले लागलं. माह्या शहाणपणापायी त्यायचे सगळे रविवार पाण्यात.

हसून हसून डोळे पुसत मॅडमच म्हणाल्या, तुम्ही फोटो जपून ठेवले म्हणून तर चूक सापडली. त्या दिवशी त्यायनं बाकीची सगळी मोजणी आमच्यासमोर तपासली. ती चोख निघाली आणि नकाशावर गेलीही. शब्बीरभाईनं गॅरेजात सगळ्यायले जिलेबी वाटली. आता आमचा नियम एकच: ज्यानं डोळ्यानं पाह्यलं, त्यानंच जागा आणि तारीख सांगून फोटो टाकायचा. माणसंही वाढली. महागावची वहिनीसुद्धा आता खरोखरची मोजते.

मागच्या महिन्यात यवतमाळले नव्या लोकांचं शिबिर झालं. मॅडमनं मोठ्या पडद्यावर तेच फोटो दाखवले, नाव न घेता. हॉलभर हशा. संपल्यावर कॉलेजात शिकणारी आमच्या मारेगावचीच एक पोरगी लाजत माह्यापाशी आली.

"काका, ते तुमच्याच अंगणातलं ना?"

माही छाती फुगली. म्हटलं, "हो बेटा, नीलवंत माह्याच लिंबावर आलतं."

"नीलवंत नाही हो काका," ती म्हणाली, "मी दोरीवरचं विचारून राह्यली."