ताडपत्रीवाल्याच्या हाती शीड

माझ्या बायकोला मी मुळा धरणात बुडवायचा प्रयत्न केला, यावर आमच्या घरात एकमत आहे. माझी बाजू जरा वेगळी आहे, पण ती ऐकून घ्यायला घरात कुणाला वेळ नाही, म्हणून इथं लिहितो.

आधी धंद्याचं सांगतो, कारण सगळा घोळ त्यातूनच झाला. राहात्यात माझं ताडपत्रीचं दुकान आहे, वडलांच्या वेळेपासूनचं. कांद्याचा टेम्पो म्हणा, चाऱ्याची गंज म्हणा, ऊसतोडीला निघालेल्या लोकांची राहायची कोपी म्हणा, सगळ्यांवर आमचीच ताडपत्री. वडलांनी मला आयुष्यात दोन गोष्टी शिकवल्या. एक, ताडपत्री फडफडली की फाटली, तेव्हा ती फडफडू द्यायची नाही. आणि दुसरी, एक गाठ. ही गाठ ओढाल तितकी आवळते, आणि भिजली तर विचारूच नका. माल उतरवताना लोक ती सोडत बसत नाहीत, सरळ कापतात. दुकानाच्या पाटीवर मी मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलंय, 'आमची गाठ सुटत नाही'. (पाटी अजून आहे. बायको रोज काढायला सांगते.)

आमचे जावई निखिलराव पुण्यात इंजिनियर आहेत. माणूस गुणी, पण शिडाच्या होडीचा नाद. गेल्या मे महिन्यात ते गाडीमागं होडी जोडूनच आले. छोटीशीच होती, मधे डोलकाठी, तिला एक शीड, मागं लहानसं इंजिन. सासू-सासऱ्यांना धरणात फिरवून आणायचं त्यांच्या मनात होतं. माझी मुलगी वैशाली तर आधीपासून तयारच होती. अर्थात काठावर थांबून व्हिडिओ काढायला! (व्हिडिओ निघाला. नातेवाइकांत फिरून झाला आहे.)

आता इथं एक कबुली द्यायला हवी. मला पोहता येत नाही. पण लग्न ठरवायच्या बैठकीत निखिलराव पोहण्याबद्दल बोलायला लागले, तेव्हा मी ठोकून दिलं होतं की आमचं सगळं बालपण विहिरीत उड्या मारण्यात गेलं. उड्या मारल्या गेल्या हे खरं आहे. त्या माझ्या मित्रांनी मारल्या. मी वर बसून त्यांचे कपडे सांभाळत होतो. हे फक्त माझ्या बायकोला, शकुंतलेला ठाऊक. तिलाही पोहता येत नाही, पण तिला पाण्याची भीतीही नाही. तिचं माहेर खर्ड्याकडचं, दुष्काळी भागातलं. भीती वाटावी इतकं पाणी तिनं लहानपणी पाहिलंच नव्हतं.

जाताना काही झालं नाही. वारा पाठीमागून होता. शकुंतलेनं पिशवीतून काकड्या आणि सुरी काढली आणि ती फोडी करत बसली. मी मात्र दोन्ही हातांनी बसायची फळी धरून, चेहऱ्यावर हसू ठेवून होतो. अंगात जॅकेट होतं, पण जॅकेटवर माणसानं किती भरवसा ठेवायचा?

खरी गंमत परतताना. आता वारा समोरून, आणि दुपारचा म्हणजे चांगलाच जोराचा. निखिलरावांनी इंजिन सुरू केलं आणि मला धडा दिला. नुसत्या शिडावर होडी वाऱ्याच्या तोंडावर जात नाही. इंजिन चालू ठेवून जरा तिरकं जायचं, आणि शीड ओढून होडीच्या मधोमध आणायचं, म्हणजे इंजिनाला शिडाचीही मदत होते. मधून झोत आला आणि होडी कलायला लागली, की शिडाची दोरी लगेच ढिली करायची. एवढं सांगून त्यांनी ती दोरी माझ्या हातात दिली आणि बजावलं, "बाबा, ही हातातच धरा. बांधू नका."

मी दोरी ओढली. शीड पुढच्या कडेला फडफडत होतं. तो आवाज मला ऐकवत नाही. आणखी ओढली. फडफड थांबली. निखिलराव मागून म्हणाले की वा, बाबांनी शीड काय लावलंय, शिकवायची गरजच नाही. मला बरं वाटलं. पण मग होडी जराशी कलली, आणि माझ्या लक्षात आलं की माझे दोन्ही हात दोरीत अडकलेत. फळी कुणी धरायची?

म्हणून मी ती दोरी बांधून टाकली. वडलांच्या गाठीनं. डोलकाठीजवळ शीड खाली उतरवायची दोरी लोंबत होती, ती मला मोकळी-मोकळी वाटली, तीही बांधून टाकली. मग समोर शकुंतला दिसली. एका हातात काकडी, दुसऱ्यात सुरी, कशालाही न धरता बसलेली. ही पडली तर? पायाशी एक जादा दोरखंड पडलेलं होतं. ते मी तिच्या जॅकेटवरून कमरेला दोन वेढे घेऊन फळीला आवळलं. तिनं विचारलं की हे काय चाललंय. मी म्हटलं, सुरक्षा.

दहा मिनिटं आम्ही झकास चाललो. मग समोर प्लास्टिकच्या बाटल्या तरंगताना दिसल्या. म्हणजे खाली मच्छिमारांची जाळी. इंजिनाच्या पंख्यात जाळं गुंतू नये म्हणून निखिलरावांनी होडी वाऱ्यापासून बाजूला वळवली, आणि नेमका तेव्हाच झोत आला. मधोमध आवळलेल्या शिडावर सगळा वारा आडवा बसला. होडी कलली. कलत राहिली. डाव्या बाजूची कड पाण्याला टेकली, काकडीच्या फोडी गेल्या, आणि मागचं इंजिन पाण्याबाहेर येऊन किंचाळायला लागलं.

"बाबा, दोरी सोडा!"

"बांधली आहे."

निखिलरावांनी वर डोलकाठीकडे पाहिलं. मग म्हणाले, "मग शीडच खाली घ्या."

"त्याचीही दोरी बांधली आहे."

वाऱ्याकडे वळवावी तर जाळी, सरळ ठेवावी तर होडी आडवी. पाणी आत यायला लागलं, आणि त्या पाण्यात मला शकुंतलेचे पाय दिसले. तेव्हा मला कळलं मी काय करून ठेवलंय ते. होडी उलटली तर मी आणि जावई जॅकेटवर तरंगणार, आणि ही होडीखाली जाणार. माझ्या हातानं बांधलेली. आजवर मी घाबरलो नाही असं नाही, मी बऱ्याच गोष्टींना घाबरतो. पण असा घाबरलो नव्हतो.  दोरी, शीड, जाळी सगळं विसरून मी तिच्यापुढं गुडघ्यावर बसलो आणि कमरेची गाठ सोडायला लागलो. गाठ भिजली होती. नखं गेली. दात लावले. पुढचा बसवलेला दात निघून गाठीतच रुतला.

"निखिलराव," मी ओरडलो, "मला पोहता येत नाही हो!"

"मग ते विहिरीचं, बाबा?"

"कापडं राखायचे ते," शकुंतला म्हणाली.

मी तिला म्हटलं, सुरी दे, तुझी दोरी कापतो. तिनं दिली नाही. माझ्या डोक्यावरून पलीकडं बघत ती म्हणाली, "माझं ऱ्हाऊ द्या. मी एकटी सुटून काय करू? त्यो शिडाचा दोर कुठला हाय?"

मी बोट दाखवलं. बांधलेल्या कमरेतून जेवढं वाकता येईल तेवढी ती वाकली, आणि भाजी चिरावी तशी शांतपणे तीनदा सुरी घासून तिनं दोरी कापली. शीड सुटलं, बाहेर गेलं आणि फडफडायला लागलं. होडी धाडकन सरळ झाली. जन्मभर ज्या आवाजाला मी शत्रू मानलं, तो आवाज ऐकून मला रडू फुटलं. त्या धक्क्यात तिच्या हातातली सुरी मात्र पाण्यात गेली.

त्यामुळे आम्ही काठाला लागलो तेव्हा शकुंतला अजून फळीला बांधलेलीच होती. निखिलरावांनी प्रयत्न केला. वैशालीनं एका हातानं केला, दुसऱ्या हातात मोबाईल होता. शेवटी ज्याची जाळी होती तो मच्छिमार येऊन वाकून बघायला लागला.

"कुनी बांधलं हो असं? ह्ये सुटायचं न्हाई."

दुकानात हे वाक्य ऐकलं असतं तर मी त्याला चहा पाजला असता. तिथं मी खाली बघत उभा राहिलो. त्यानं कोयता आणून दोरी कापली. शकुंतला उठली, पदर पिळला, आणि पहिलं काय केलं असेल तर गाठीतून माझा दात काढून माझ्या हातावर ठेवला.   गाडीत राहात्यापर्यंत मी तिचा हात सोडला नाही, आणि तिनंही तो काढून घेतला नाही.

निखिलरावांनी दिवाळीला पुन्हा होडी आणायचं ठरवलंय. शकुंतला एका पायावर तयार आहे. या वेळी दोरी तीच धरणार, फक्त तिची एक अट आहे, मी काठावर थांबून सगळ्यांचे कपडे सांभाळायचे. मी लगेच हो म्हटलं. त्या कामाचा मला लहानपणापासूनचा अनुभव आहे.