टायपिंग मिस

पापनाशमच्या स्टेशनवर गाडीची वाट पाहत होतो, तेव्हा शेजारच्या जयंतीचा फोन आला. "मामा, अक्का उठेनात." एवढंच. तंजावरला पोचेपर्यंत मी अक्कावर चिडत होतो, गोळ्या वेळेवर घेत नाही म्हणून... ती ओसरीवर वेताच्या खुर्चीत होती. मांडीवर फोन आणि बाजूला कॉफी, न प्यायलेली. त्याला आता पाच आठवडे झाले.

अक्का माझी थोरली बहीण. जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स होती, लग्न केलं नाही. मी शाळेत विज्ञान शिकवलं. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचे मराठी; मी पुण्यात शिकलो म्हणून हे देवनागरीत लिहितोय. अक्काला ते वाचता आलं नसतं. आमच्या गावात मुलगी वयात आली की मांडव पडतो, कोपऱ्यावर तिच्या फोटोचा फलक लागतो, भोंगा लागतो. "सगळ्या गल्लीला कळते," अक्का म्हणायची, "त्या पोरीलाच कोणी काही सांगेना." निवृत्त झाल्यावर ती एका ऑनलाइन गटात शिरली. तिथे तरुण मुलं-मुली नाव न सांगता विचारतात: पाळी, गर्भ, निरोध, कुठे जळजळ होते ते. ही तमिळमध्ये उत्तरं द्यायची. मुली तिला पाट्टी म्हणत, म्हणजे आजी. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "अक्का, ह्या वयात हे कसाला?" "मग कोणत्या वयात रे? तू तर तो धडा 'घरी वाचा' म्हणून सोडलास." ते खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं.

तिचा एक नियम होता. आपण होऊन कुणाला निरोप पाठवायचा नाही. फोन मुलीचा असला तरी घरातलं कुणीही तो उचलतं. गटाबाहेर बोलायचं असेल तर मुलीने अक्काच्या नंबरावर नुसतं एक टिंब पाठवायचं. मग अक्का विचारायची, "कॉफी झाली का?" 'झाली' असं उत्तर आलं, तर शेजारी कुणीतरी आहे. 'अजून नाही' आलं, तर बोलायचं. मी तिची थट्टा करायचो, हेरखात्यात का गेली नाहीस म्हणून.

आणि हे सगळं माहीत असून मी काय केलं? आमच्या लोकांत मरणाची बातमी कळवली नाही तर माणसं जन्मभर तोंड फिरवतात. म्हणून तेराव्याचा निरोप तिच्या फोनमधल्या एकूण एक नंबरांना पाठवून दिला. तिचा फोटो, आणि खाली मोठ्या अभिमानाने तिचं नर्सपण.

संध्याकाळी अक्काच्या फोनवर त्यातल्याच एका नंबरावरून एका गृहस्थांचा फोन आला. "माझ्या मुलीच्या फोनवर तुमचा निरोप आलाय. इथे नाव 'टायपिंग मिस' असं आहे. फोटोखाली नर्स लिहिलंय. ह्या बाई नक्की कोण?"

"निवृत्तीनंतर टायपिंगही शिकवायच्या," मी म्हणालो. एका बोटाने टाइप करणारी माझी अक्का! त्यांनी फोन ठेवला.

मी त्या मुलीचा शेवटचा, आवाजात रेकॉर्ड केलेला निरोप उघडला. कॉलेजात शिकणारी, आवाज दबलेला. दोन महिने पाळी नाही. तिने काही केलेलं नाही, पण आई कॅलेंडरवर बोट ठेवून बसते आणि साखरपुड्याची बोलणी चालू आहेत. एकटीने डॉक्टरीणबाईंकडे जायची भीती वाटते. अक्काने सांगितलं होतं, सोमवारी दवाखान्याच्या फाटकाशी ये, मी येते.

तो सोमवार आला. अक्काची पिशवी घेऊन मी दवाखान्याच्या फाटकाशी उभा राहिलो. कितीतरी मुली आत गेल्या. मला तिचा चेहरा माहीत नाही, आणि माहीत असता तरी मी काय विचारणार होतो? घरी येऊन फोन हातात धरून बसलो. तिला मारलं असेल का? कॉलेज बंद केलं असेल का? निरोप पाठवायची सोय नव्हती; एकदा पाठवून काय झालं ते पाहिलं होतं. गटातल्या बाकीच्या मुली अक्काच्या मैत्रिणीने, दुसऱ्या एका नर्सबाईंनी सांभाळून घेतल्या. हिचा मात्र पत्ता नव्हता. रोज सकाळी फोन चार्ज करून मी तो खुर्चीच्या हातावर ठेवायचो, आणि स्वतः समोरच्या स्टुलावर बसायचो. त्या खुर्चीत बसायचं धाडस होत नव्हतं.

परवा सकाळी फोन वाजला. त्याच नंबरावरून एक टिंब.

तिने पाठवलं की तिच्या वडिलांनी? मुलीला दम देऊन सगळं काढून घेतलं असेल तर? अक्का असती तर... चष्मा शोधला, अक्कासारखाच एका बोटाने टाइप केलं.

"कॉफी झाली का?"

माझी स्वतःची कॉफी निवून गेली. मग उत्तर आलं.

"अजून नाही."

मी स्टुलावरून उठलो, अक्काच्या खुर्चीत बसलो आणि लिहिलं, "पाट्टी नाही, तिचा भाऊ आहे. बोल, बाळ."