दोनशे अकरानंतरचं पान

आमच्या कोर्टाच्या वाचनालयात तीस वर्षं एक बाई काम करते. तिला सगळे खळताई म्हणतात. मैद्याची खळ शिजवायची, वरच्या कोर्टाचा नवा निकाल आला की त्याचा सारांश कापायचा, आणि जाड पुस्तकात त्या विषयावरचा जुना निकाल जिथे संपतो तिथे चिकटवायचा, हे तिचं काम. कधी भाडेकरूचा निकाल, कधी दत्तकाचा, कधी बाळंतपणाच्या रजेचा. दिवसभर खळ लावते, पण हाताला घटकाभर खळ म्हणून नाही. हा विनोद तिचाच. मी नुसता गावभर केला.

तिची-माझी ओळख झाली धाकटीमुळे. धाकटी म्हणजे माझी बहीण. सत्तरी उलटली तरी धाकटीच. मेहुणे गेले, आणि त्यांच्या पुतण्याने तिच्यावर दावा लावला. घर सासऱ्यांच्या नावावर, तेव्हा हिने बाहेर पडावं. चाळीस वर्षं तिने त्या घराचा उंबरा पुसला होता.

सुनावणी दुपारी तीनला. सकाळी वाचनालयात आमच्या वकिलांनी पुस्तक मिटलं. "आजोबा, यातला निकाल आपल्या विरुद्ध आहे. आशा धरू नका."

धाकटी म्हणाली, "मग दादा, तुझ्याकडेच येते. तुझ्या गप्पा सोसायचं बळ येवो म्हणजे झालं."

बोलली हसून, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

पलीकडे कात्री थांबली. "नवा निकाल नाही वाचलात?" खळताईने विचारलं. "नवऱ्यामागे बाईला राहत्या घरातून काढता येत नाही, असा. गेल्या महिन्यात मीच चिकटवलाय."

तिने पुस्तक ओढलं. पान दोनशे अकरा. पुढचं दोनशे चौदा.

"वकीलसाहेब, वाचताना वाक्य मध्येच तुटलं नाही?"

"तुटलं. मला वाटलं, कायद्याची भाषाच तशी."

खळताईचा चेहरा उतरला. "चूक माझी. त्या दिवशी खळ पातळ झाली होती. दोन पानं एकमेकांना धरून बसलीत."

मग चहाची किटली आली. वाफेवर पुस्तक धरून, नखाने केसभर केसभर करत तिने पानं सोडवली. मी इतका वेळ गप्प बसलो, हे धाकटी अजून सगळ्यांना सांगते.

तीन वाजता खळताई स्वतः पुस्तक घेऊन कोर्टात आली. न्यायाधीशांनी पान चाचपलं. "हे ओलं का?"

"साहेब, माझ्या हातून चिकटलं होतं. मीच सोडवलं. आत नवा निकाल आहे."

चूक कोणाची ते कोणी विचारलं नव्हतं, पण तिने लपवलंही नाही. न्यायाधीशांनी चिकटवलेला सारांश दोनदा वाचला, पुतण्याच्या वकिलांना वाचायला दिला. दावा फेटाळला गेला. धाकटी तिच्या घरी राहिली.

निकालाची नक्कल हातात आली तेव्हा आम्ही दोघं खळताईकडे गेलो. धाकटी म्हणाली, "ताई, तुमच्या हाताने हा कागद माझ्या दारामागे चिकटवून द्या."

खळताईने कागद घडी करून तिच्या पिशवीत ठेवला. "पेटीत ठेवा, मावशी. मी चिकटवलेलं वेळेवर सापडत नाही."