उम्म सलालच्या बांधावरचा जपान

हायकू ही तीन ओळींची जपानी कविता बसल्या जागी लिहिता येते, की तिच्यासाठी चालावेच लागते, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हे टिपण लिहायला घेतले. पण उत्तराच्या वाटेत एक गृहस्थ उभे आहेत. वाहतूक पोलिसासारखा उजवा हात वर करून ते म्हणत आहेत, "थांबा. ओळ आली."

हे गृहस्थ मूळचे कराडकडचे. कतारमध्ये ते जपानी यंत्रांवर चालणाऱ्या एका कारखान्यात तंत्रज्ञ होते. कुटुंब गावी, स्वतः कंपनीच्या खोलीत. नोकरीच्या आरंभी त्यांना प्रशिक्षणासाठी काही महिने जपानला पाठवले होते. तिथल्या खेड्यांतून आपण पायी हिंडलो आणि चालता चालता हायकू रचले, असे ते सांगत. मी नाशिकला मराठी शिकवून दोह्याला आलेली; त्यामुळे आमच्या इमारतीतल्या मराठी मुलांची मायबोली टिकवण्याचे काम आपोआप माझ्याकडे आले होते. मुलांना मराठी कळे, उत्तर मात्र इंग्रजीत येई. तेव्हा या गृहस्थांनीच सुचवले, "बाई, पोरांना वर्गात बसवू नका. शुक्रवारच्या सुट्टीला शहराबाहेर उम्म सलालला नेतो. शेतं आहेत, बांध आहेत. चालतील, म्हणजे बोलतील."

त्यांची पद्धत ठरलेली होती. पेन्सिल घरी ठेवायची. ओळ सुचली की तोंडात धरायची आणि शेत संपेपर्यंत सांडू द्यायची नाही. "सांडली तर रडायचं नाही," ते मुलांना बजावत, "ती तुमची नव्हतीच. यल्ला, चला!"

चार-सहा शुक्रवार बरे गेले. मग त्यांच्याबरोबर जपानला गेलेला एक सहकारी आमच्याकडे जेवायला आला. हायकूंचा विषय निघताच त्याला ठसका लागला.

"हा? हा जपानात चालला? अहो, दर रविवारी आम्ही कंपनीच्या बसने शहरात जायचो, आणि हा खोलीत झोपून असायचा!"

वरच्या मजल्यावरच्या पुण्याच्या वहिनी त्या वेळी पंगतीत होत्या. त्यांनी हातातली पोळी ताटात ठेवली. "एकटा राहणारा माणूस, वाटेत थांबून स्वतःशी पुटपुटतो, आणि आता खोटंही बोलतो. त्याच्या गाडीत माझी मुलगी बसणार नाही. बाई, तुम्ही शिक्षिका आहात. शुक्रवारपर्यंत छडा लावा, नाहीतर हे फिरणं खलास."

संशय एकदा शिरला की प्रत्येक शब्दाला वास येऊ लागतो. मी गृहस्थांचे हायकू तपासायला घेतले.

भाताचा बांध
पुढे माझी सावली
मागे टिटवी

जपानात टिटवी असते का? आणखी एका हायकूत दगडी देवाच्या अंगावर लाल अंगडे होते. देवाला अंगडे कोण घालील? तळमजल्यावर एका जपानी अभियंत्याचे कुटुंब राही. त्यांच्या पत्नीला मी मोडक्या इंग्रजीत विचारले. वाटेवरच्या लहानशा दगडी देवांना लाल कापड बांधतात, हे त्यांनी हसून मान्य केले. टिटवी मात्र काही केल्या समजेना. शेवटी मी जिन्यात टिटवीचा आवाज काढून दाखवला. त्यांनी धावत जाऊन मला पाणी आणून दिले.

अर्धा पुरावा बाजूचा, अर्धा विरुद्ध. मी सहकाऱ्याला फोन केला. "रविवारी हे झोपलेले असत, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत?"

"पाहणार कसं? आम्ही बसमध्ये."

"मग?"

"बाई, बस टू-इन-वन घ्यायला जायची! अख्खी बाजारपेठ कॅसेट प्लेअरची. तिथंही जो माणूस येत नाही, तो झोपेल नाहीतर दुसरं काय करील?"

या तर्कावर कोणाला खोटे ठरवणे मला प्रशस्त वाटेना. मी त्या गृहस्थांनाच सूक वाकिफच्या बाजारात गाठले. ते धणे निवडून घेत होते. मी टिटवीचे नाव काढताच त्यांनी मूठ रिकामी केली.

"टिटवी इथली आहे, बाई. उम्म सलालची."

"आणि बांध?"

"बांध तिकडचा. मी जपानात एकच रविवार चाललो. बाकीचे रविवार कपडे धुतले, गावी पत्रं लिहिली. हायकू सगळे इथं केले, चालतानाच."

"मग जपानच्या वाटा असं का सांगता?"

"त्या एका दिवसाची वाट अजून संपत नाही. मी काय करू?"

हे उत्तर सुंदर होते. म्हणूनच मला त्याचाही थोडा संशय आला.

शुक्रवारी सकाळी इमारतीच्या दाराशी मी पालकांना जे कळले ते सांगितले: एक रविवार शक्य आहे, सिद्ध करता येत नाही, बाकीचे चालणे कतारचे.

"म्हणजे खोटंच," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी मुलीचा हात धरला.

गृहस्थ कानकोंडे झाले. मग म्हणाले, "वहिनी, माझ्यावर विश्वास नका ठेवू. तुम्हीच चला की."

वहिनी गाडीत बसल्या, त्या पहारा करायला. शेतात त्या सर्वांच्या मागून चालल्या. डोळे गृहस्थांच्या पाठीवर, चपलांत वाळू. शेत संपले तेव्हा त्यांच्या मुलीने, जिने घरी मराठीत पाणीसुद्धा मागितले नव्हते, तोंडातले बाहेर काढले:

वाळूत बूट
मागे वळून पाहू?
वारा पुसतो

वहिनींनी तिला आधी खडसावले, "कोणी पाठ करून घेतलं हे? काकांनी?"

"नो, आई. काका तर पुढे होते. आत्ताच सुचलं."

पुढच्या शुक्रवारी वहिनी बंद बूट घालून खाली आल्या. "लक्ष ठेवायला," असे त्यांनी सर्वांना सांगितले. पुढे वर्षानुवर्षे त्या लक्ष ठेवायला येत राहिल्या.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर गृहस्थांचे कंत्राट संपले आणि ते गावी गेले. त्यानंतरच्या शुक्रवारी आम्ही मुलांना घेऊन गेलो. मुले भराभर चालली. वाटेत कोणी अडवले नाही, म्हणून शेत फार लवकर संपले. गाडीपाशी मी विचारले, "कोणाला काही सुचलं?" मुले एकमेकांकडे पाहत राहिली. वहिनी उन्हात उभ्या राहून आलेल्या वाटेकडे बघत होत्या.

एवढ्यावरून चालल्याशिवाय हायकू होत नाही, असा नियम मी सांगणार नाही. माझा पुरावा तोकडा आहे. वाचकांना विनंती एवढीच, की एक हायकू घरी बसून करावा, एक चालताना करावा, आणि दोन्ही शेजारी ठेवून स्वतः तपासून पाहावे.