आईच्या घरी चालेल असं मशीन

मी राजूर सोडलं तो पाणी येण्याचा दिवस होता. आमच्या वस्तीला नळाचं पाणी आठ दिवसांतून एकदा यायचं, तेही तासभर. त्यामुळे आई मला सोडायला बस थांबते तिथपर्यंत आली नाही. अंगणातल्या हौदात पाइप सोडून ती घरातली भांडी भरत होती. मी पाया पडले तेव्हा तिचे हात ओले होते. माझा नवा ड्रेस भिजू नये म्हणून तिने मनगटाची मागची बाजू माझ्या कपाळाला लावली आणि पोचल्यावर कळवायला सांगितलं. बाबांनी मोटरसायकलवर बॅग घेतली. वाटेत ते एवढंच म्हणाले, "आली असती ती. पण पाणी सोडून येता येत न्हाई."

मी पुण्याला एका वृत्तपत्राच्या डेस्कवर नोकरीला निघाले होते. त्याला आता सोळा वर्षं झाली.

त्या हौदाबद्दल सांगायला हवं. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. नोकरी लागल्यावर त्यांनी आधी हौद बांधला, मग स्वयंपाकघर. त्यांच्या आजीला गावच्या विहिरीपासून चार हात लांब घागर ठेवून उभं राहावं लागे, कुणीतरी वरून पाणी ओतेपर्यंत. आमच्या घरच्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला, दिवस बदलले, पण ही गोष्ट घरात सांगितली जात राहिली. "पाण्यासाठी कुणाच्या तोंडाकडं पाहायचं न्हाई," असं बाबा म्हणत. आई ते म्हणत नसे. ती हौद घासून ठेवत असे.

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. मी एकुलती. आई सहासष्ट वर्षांची आहे आणि राजूरला एकटी राहते. गेल्या दिवाळीनंतर धुण्याच्या दगडाजवळ तिचा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण मुठीतली ताकद परत आली नाही. भाकरी ती सावकाश थापू लागली. झाडू डाव्या हाताने मारू लागली. कपडे पिळणं मात्र जमेना.

शेजारच्या गयामावशी आईचं धुणं नेऊ लागल्या. त्यांनी ते आपणहून केलं आणि त्याची वाच्यताही केली नाही. आईचा फोन व्हिडिओवर असायचा. एका मंगळवारी ती हिरव्या साडीत दिसली. शुक्रवारी त्याच साडीत. पुढच्या आठवड्यात करड्या साडीत चार दिवस. डेस्कवर काम करणाऱ्याला अशा गोष्टी खटकतात. मी गयामावशींना फोन लावला. त्या चिडलेल्याच होत्या.

"दोन लुगड्यांचं काय वझं होतंय का मला? तुझी आई कपडे लपवून ठेवून राह्यली. का मास्तरीणबाईला माझ्या हातचं धुतलेलं चालत न्हाई, इचार तिला."

मी आईला विचारलं नाही. उत्तर मला माहीत होतं: धुण्यासाठीही तिला कुणाच्या तोंडाकडं पाहायचं नव्हतं. मी जाऊन तिला पुण्याला घेऊन आले.

ती महिनाभर राहिली. मी आणि नवरा, दोघंही नोकरीला जायचो. फ्लॅट चौथ्या मजल्यावर. कपडे स्वयंचलित मशीनमध्ये टाकले की दीड तासाने जवळजवळ कोरडे बाहेर यायचे. आई खुर्ची घेऊन त्या मशीनसमोर बसायची. गोल काचेतून कपडे फिरताना दिसायचे. तिसऱ्या दिवशी तिने मला विचारलं, हे पाणी जातं कुठं? मी म्हणाले, गटारात. दुसऱ्या दिवशी मी घरी आले तर मशीनचा पाइप बादलीत सोडलेला होता आणि बाल्कनी, जिना, खालच्या मजल्यापर्यंतच्या पायऱ्या धुतलेल्या होत्या. सोसायटीच्या व्यवस्थापकाने सौम्य शब्दांत तक्रार केली. आईने ती ऐकून घेतली.

महिन्याअखेरीस ती म्हणाली, "इथं सगळं हाय, सुजे. फक्त मी कशाला हाय ते कळंना. मला घरी सोड."

मी एक अट घातली. राजूरच्या घरी मशीन बसवायचं. ते चाललं आणि तिला एकटीला वापरता आलं, तर ती तिथं राहील. नाही चाललं, तर घराला कुलूप लावून पुण्याला यायचं, कायमचं. आईने थोडा वेळ विचार केला आणि मान डोलावली. ती अट तिने किती गंभीरपणे घेतली हे मला नंतर कळलं. परत जाण्याआधी तिने गयामावशींना फोन करून, वेळ आली तर हौद तुम्ही वापरा, एवढं सांगून टाकलं होतं.

मशीनची निवड मी बातमीसारखी केली. एका माणसाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा नाही, किमान दोघांकडून खात्री करायची. ऑफिसातल्या सहकाऱ्यांना विचारलं. दुरुस्ती करणाऱ्या दोन कारागिरांशी बोलले. मोटरची हमी किती वर्षांची, ड्रम स्टीलचा की प्लास्टिकचा, जड पाण्याने आत क्षार बसतो तो कसा काढतात, वीज कमीजास्त झाली तर काय जळतं, दुरुस्ती केंद्र किती लांब, अशी मुद्द्यांची यादी केली. कागदावर सर्वांत टिकाऊ ठरलं ते पुढून दार उघडणारं, पूर्ण स्वयंचलित मशीन. पाणीही तेच सर्वांत कमी घेत होतं. जालन्याला, जुन्या जालन्यातल्या एका दुकानात ते फोनवरून नोंदवलं आणि दोन दिवसांची रजा टाकून आईला घेऊन राजूरला गेले.

बसवायला आलेल्या कारागिराने खोकं उघडलं, मशीन अंगणालगतच्या पडवीत ठेवलं, पातळी जुळवली. मग पाइप हातात घेऊन त्याने इकडेतिकडे पाहिलं.

"ताई, नळ कुठंय?"

नळ अंगणाच्या कोपऱ्यात होता आणि कोरडा होता. पाणी यायला पाच दिवस बाकी होते. घरातलं सगळं पाणी हौदात, जमिनीच्या पातळीवर. ते तांब्याने आणि बादलीने काढायचं. गच्चीवर टाकी नाही, टाकीत पाणी चढवणारा पंप नाही. स्वयंचलित मशीनला नळाचं पाणी जोराने यावं लागतं. त्याशिवाय ते सुरूच होत नाही. कारागिराने तरीही प्लग लावून दाखवला. मशीनने पाण्याची वाट पाहिली आणि पडद्यावर बिघाडाचा आकडा दाखवून थांबलं.

दर उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या पाण्याच्या बातम्या माझ्या टेबलावरून जातात. टँकरच्या खेपा मी ताडून पाहते, गावांची नावं तपासते, किती दिवसांआड पाणी येतं हा आकडा चुकला तर वार्ताहराला फोन करते. त्या घरात मी बावीस वर्षं राहिले होते. मशीनसाठी केलेल्या यादीत अकरा मुद्दे होते. पाणी कुठून येणार, हा त्यांत नव्हता.

आमच्यासारखे जे बाहेर पडले, त्यांनी घरी पाठवलेल्या वस्तू गावात अनेक घरांत आहेत. कापडाखाली झाकलेला मायक्रोवेव्ह, त्यावर औषधाच्या बाटल्या. खोलीपेक्षा मोठा टीव्ही. या वस्तू प्रेमाने निवडलेल्या असतात, पण निवडताना डोळ्यांसमोर स्वतःचं आजचं घर असतं. ज्यांच्यासाठी घेतल्या ते तक्रार करत नाहीत. कापड शिवून घेतात.

मी टाकीचं, पंपाचं बोलू लागले तेव्हा आई आत गेली. थोड्या वेळाने पाहिलं तर ती पत्र्याच्या पेटीतून हिवाळी पांघरुणं काढून वेगळी रचत होती. पुण्याला काय न्यायचं आणि काय गयामावशींना द्यायचं, याचे ते दोन ढीग होते. अट मी घातली होती. ती पाळायला तिने सुरुवात केली होती.

मी म्हणाले, आपण जालन्याला जाऊ. या वेळी तू चल.

दुकान कापड बाजाराच्या गल्लीत होतं, समोर रिक्षांची रांग. दुकानदार साठीच्या पुढचे. मशीन चाललेलं नाही म्हटल्यावर त्यांनी बदलून द्यायचं लगेच कबूल केलं. मी दुसऱ्या मशीनच्या मोटरबद्दल विचारू लागले, तर त्यांनी मला हाताने थांबवलं आणि आईकडे वळले. घरात माणसं किती? पाणी कशात साठवता? लाइट किती वेळ असते? हाताला काय झालं? उचलता किती येतं, भरलेली बादली की अर्धी? आईने एकेका प्रश्नाचं नीट उत्तर दिलं. अर्धी, डाव्या हातानं. इतके दिवस मला हे विचारायचं सुचलं नव्हतं.

मग त्यांनी दोन टबांचं साधं मशीन दाखवलं. एका टबात कपडे धुवायचे, दुसऱ्यात फिरवून पाणी काढायचं.

"मावशी, हे घ्या. ह्याला नळ लागत न्हाई. वरून तांब्यानं पाणी वता, बिलकुल चालतं. अंग प्लास्टिकचं, गंजत न्हाई. बटन फिरवायचं, कॉम्प्युटर न्हाई काही. बिघडलं तर राजूरचा पंखेवालाबी खोलंल."

आईने दुसऱ्या टबात हात घालून पाहिला. "पिळायचं हेच करतं?"

"हेच. तुम्ही फक्त उचलून टाकायचं."

"किती वर्सं चालंल?"

"बराबर वापरलं, वझं जास्त न्हाई टाकलं, तर धा वर्सं."

आई म्हणाली, "मंग मलाबी तितकं चालावं लागंल."

दुकानदार हसले. आई हसली नव्हती. तिने ते हिशेबात धरलं होतं.

मशीन आणलं त्याला आता आठ महिने झाले. आईने त्याची स्वतःची पद्धत बसवली आहे. माहितीपुस्तिकेत ती नाही. साबणाचं पाणी एकदाच भरायचं. त्यात आधी पांढरे कपडे. ते काढले की त्याच पाण्यात रोजच्या साड्या. मग चादरी, शेवटी पायपुसणी. दुसऱ्या टबात फिरवल्यामुळे साबण बराचसा निघून जातो, त्यामुळे खळबळायला पाणी कमी लागतं. खळबळलेलं पाणी झाडाला, साबणाचं काळं पाणी अंगणाला. माझ्या कागदावर सर्वांत कमी पाणी घेणारं म्हणून जे मशीन पहिलं आलं होतं, त्यात हे काहीच करता आलं नसतं. गयामावशी पहिल्या दिवशी पाहायला आल्या, शेवटचं पाणी अंगणात जाईपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, "मशीनलाबी कामाला लावलं हिनं." पुढच्या आठवड्यापासून त्या आपल्या चादरी घेऊन येऊ लागल्या. आई त्या टाकून घेते. आता कोण कुणाचं धुतं यावर बोलणं होत नाही.

मनगट अजून दुखतं. थंडीत जास्त. मशीनने एका कामापुरता प्रश्न सोडवला आहे. पुढे गुडघे असतील, डोळे असतील, आणि त्यांच्यासाठी दोन टबांचं काही मिळणार नाही. आईला हे माहीत आहे, मलाही. आम्हाला मुदत मिळाली आहे, एवढंच. पांघरुणांचे दोन ढीग पुन्हा एकाच पेटीत गेले. पुण्याला येण्याचा विषय तिने एकदाच काढला, फोनवर. "तुझी अट झाली पुरी. आता तू येत जा," असं म्हणाली.

गेल्या पौर्णिमेला मी दोन दिवस गेले होते. विहारात वंदनेला नेसलेली तिची पांढरी साडी दुसऱ्या दिवशी पहिल्या पाण्यात पडली. मी वापरलेले कपडे नेहमीसारखे पिशवीत बांधून ठेवले होते, पुण्याला नेऊन धुण्यासाठी. तिच्यावर काम पडू नये म्हणून मी वर्षानुवर्षं तसंच करत आले आहे. तिने पिशवी सोडली, माझे दोन कुर्ते आणि ओढणी काढली आणि आपल्या हिरव्या साडीबरोबर मशीनमध्ये टाकली. मी नको म्हणाले. ती म्हणाली, "पाणी चांगलंय अजून."

घर कुठलं, असं कुणी विचारलं की मी अजूनही दोन नावं सांगते. दोन्ही खरी आहेत. पुण्यात माझे कपडे कधीही धुता येतात, त्यांना कशाची वाट पाहावी लागत नाही. राजूरच्या अंगणात त्यांची पाळी ठरलेली आहे: पांढऱ्यांनंतर, चादरींच्या आधी, आईच्या साड्यांबरोबर.