शेवटच्या सीटपर्यंत

मुलं उतरली की चाचा बसमध्ये चढायचे आणि प्रत्येक सीटवर तळहात टेकवत शेवटपर्यंत जायचे. परत दारात येऊन म्हणायचे, "खलास." म्हणजे बस रिकामी. मगच ड्रायव्हरने बस हलवायची. अबू धाबीत मुसफ्फ्याजवळच्या आमच्या शाळेची सकाळ या शब्दाने सुरू व्हायची.

चाचा रत्नागिरीकडचे, साठीला टेकलेले, शाळेचे सिक्युरिटी गार्ड. असे गार्ड तुम्हीही पाहिले असतील. आयडी कार्ड दाखवण्यापुरतंच आपण त्यांच्याकडे बघतो. मी ऑफिसात पत्रं टाइप करणारी. एकदा थट्टेने म्हटलं, "चाचा, खिडकीतून दिसतं की सगळं."

"ताई, झोपलेलं पोर सीटखाली सरकतं. डोळा फसतो, हात नाही फसत."

सापडलेलं पोर त्यांच्या कडेवरून उतरताना हमखास म्हणायचं, "चाचा, आय वॉज नॉट स्लीपिंग." चाचा गंभीरपणे मान डोलवायचे.

गेटवर पोलीस मिळावा, निदान गार्डचा खर्च तरी सरकारने उचलावा, असा अर्ज आमच्या मॅनेजमेंटने केला होता. खासगी शाळेने आपलं आपण बघावं, असं उत्तर आलं. मग दोन गार्डांपैकी एक कमी झाला. उरलेल्या चाचांनी गेट सोडायचं नाही आणि बस ड्रायव्हरने तपासायची, असं ठरलं.

ते तरीही चढायचे. दोन मेमो निघाले. दोन्ही मीच टाइप केले.

"तिसरा मिळाला तर व्हिसा कॅन्सल," ते म्हणाले. "धाकटीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे, ताई."

"मग नका ना चढू," मी म्हटलं. हे मी म्हटलं होतं, ते मला विसरता येत नाही.

जूनमधल्या एका सकाळी ते गेटवरच उभे राहिले. ड्रायव्हरने आरशात बघितलं आणि बस नेऊन उन्हात लावली. केजीतली एक मुलगी मागच्या सीटखाली झोपली होती. दुपारी सापडली तेव्हा तिच्यात जीव नव्हता.

चौकशीत चाचांवर ठपका आला नाही. त्यांनी गेट सोडलं नव्हतं, असं शाळेने लिहून दिलं. तो कागदही मीच टाइप केला. चाचांनी तो वाचला, माझ्या टेबलावर ठेवला आणि नोकरी सोडली.

जायच्या दिवशी ते साध्या कपड्यांत आले. पार्किंगमध्ये तीच बस रिकामी उभी होती. चढले, एकेका सीटवर हात टेकवत मागे गेले. शेवटच्या सीटपाशी खाली वाकले, ते बराच वेळ उठलेच नाहीत. मग दारात आले. मी खाली उभी होते. "खलास" ते म्हणाले नाहीत.