लिवाच्या पलीकडे एकटी

२००९ सालच्या मार्चमध्ये मंदीमुळे आमच्या अबुधाबीच्या ऑफिसात निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. आमचं काम भूजलाचं. लिवा या मरूद्यानाच्या दक्षिणेला, ओरिक्स हरणांसाठी राखलेल्या वाळवंटाच्या कडेकडेने आमच्या सहा बोअर होत्या. दर महिन्याला तिथे जायचं, बोअरमध्ये टेप सोडायची, टोक पाण्याला टेकून बीप वाजली की आकडा लिहायचा. आकडे मी घेत असे आणि गाडी चालवत रत्नागिरीचे एक चाचा. वीस वर्षं वाळूत काढलेला तो माणूस फेब्रुवारीत घरी पाठवला गेला.

मॅनेजर हैदराबादचे. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "अकेले मॅनेज कर लोगी ना?"

नवऱ्याची दुबईतली नोकरी जानेवारीतच गेली होती. जबल अलीपासून बर दुबईपर्यंत तो रोज कुठे ना कुठे बायोडेटा देऊन येई. मी "हो सर" म्हटलं. लायसन्स मिळून मला एक वर्ष झालं होतं, आणि वाळूत मी गाडी कधीच घातली नव्हती.

निघायच्या आदल्या संध्याकाळी चाचांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, "बाई, गाडी बसली तर अ‍ॅक्सिलरेटर दाबू नका. आधी उतरा, पाणी प्या. मग काय ते करा."

मुलीने विचारलं, "आई, आर यू गोइंग अलोन?" मी तिच्या डब्याचं झाकण लावत राहिले.

पहिला दिवस बरा गेला. लिवाची खजुराची झाडं मागे पडेपर्यंत डांबरी रस्ता होता, पुढे दाबून घट्ट केलेल्या खडीची वाट. तीन बोअर झाल्या. लिवाच्या रेस्ट हाउसमध्ये दाराला आतून खुर्ची लावून झोपले. झोपले म्हणजे पडून राहिले. सकाळी ऑफिसातून मेसेज आला होता: गुरुवारी सगळ्यांची मीटिंग. अशा मीटिंगचा अर्थ आम्हाला एव्हाना कळत होता.

दुसऱ्या दिवशी चौथी आणि पाचवी बोअर झाली. सहावीकडे जाताना वाऱ्याने वाटेवर वाळूची जीभ आणून टाकली होती. वळसा घालून जाता आलं असतं, पण मला लवकर संपवायचं होतं. गाडी शिरली, जड झाली, आणि मी नेमकं तेच केलं जे करायचं नव्हतं. घाबरून पाय दाबला. मागची चाकं गरगर फिरली आणि गाडी पोटावर टेकली.

इंजिन बंद केल्यावर जी शांतता झाली, तिची मला अजून भीती वाटते. मोबाइलला रेंज नव्हती. टेकाडावर चढून हात वर करून पाहिला, तरी नव्हती. खाली गाफच्या, म्हणजे आपल्या शमीच्या, एका झाडाच्या सावलीत चार ओरिक्स बसली होती, पांढरीशुभ्र, लांब सरळ शिंगांची. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा रवंथ सुरू केला. मला त्यांचा राग आला.

गाडीशी येऊन अर्धी बाटली पाणी प्यायले. ऑफिसात मी कुठे आहे हे फक्त मॅनेजरांना ठाऊक होतं, आणि गुरुवारनंतर ते स्वतः तिथे असतील की नाही हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. तो विचार डोक्यातून जाईना. म्हणून गुडघ्यांवर बसून हातांनी वाळू उपसायला लागले. वर काढावी तेवढी बाजूने घरंगळत आत येई. वाळूत पकड यावी म्हणून चावीच्या टोकाने चारही टायरांची हवा सोडली, चाकांमागे गाडीतली पायपुसणी सरकवली आणि पुढे जायचा नाद सोडून आल्या चाकोरीतून मागे न्यायचं ठरवलं. पहिल्यांदा गाडी हलली आणि थांबली. पुन्हा उपसलं. नखं तुटली. दोन तासांनी गाडी कुरकुरत मागे सरकली आणि खडीवर आली, तेव्हा मी मोठ्याने रडले. ऐकायला कुणी नव्हतं.

सहावी बोअर समोरच्या वळणापलीकडे होती. मी गेले नाही.

मऊ टायरांवर हळूहळू परत येताना उंटांच्या एका गोठ्यापाशी म्हाताऱ्या अरबाने हात केला. पिकअपमधला पंप काढून तो टायरांत हवा भरू लागला. "ड्रायव्हर किधर?" त्याने विचारलं.

"मैं ड्रायव्हर."

तो माझ्या हातांकडे बघत राहिला. मग "यल्ला", चला, म्हणून स्वतःची गाडी पुढे काढली आणि डांबरी रस्ता लागेपर्यंत माझ्यापुढे गाडी चालवत राहिला.

रस्त्यावर मी आकड्यांचा तक्ता उघडला. सहाव्या रकान्यात पाणी मागच्या महिन्यापेक्षा दोन सेंटिमीटर खाली गेल्याचं लिहिलं असतं तर कुणाला कळलं असतं? गुरुवारच्या आधी रिकामा रकाना घेऊन जाणं म्हणजे आपण होऊन मान पुढे करणं. पेन बराच वेळ हातात होतं. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. "झालं का सगळं?"

"एक राहिली," मी म्हणाले, आणि ते बोलून गेल्यावर आकडा लिहिता येईना.

मॅनेजरांनी तक्ता पाहिला. "ये खाली क्यूं है?" मी सगळं सांगितलं. गुरुवारी कामावरून काढलेल्या सात जणांची नावं वाचली गेली, माझं नव्हतं. कारण मला कधी कळलं नाही. त्याच दुपारी मी लेखी दिलं की यापुढे एकटं कुणी जाणार नाही. सही करायला मॅनेजरांनी दोन दिवस घेतले. पण केली.

एप्रिलमध्ये पाठवायला दुसरं माणूसच उरलं नव्हतं, म्हणून ते स्वतः आले, ऑफिसचे बूट घालून. वाळूच्या त्या जिभेला या वेळी वळसा घातला. सहाव्या बोअरपाशी उतरून त्यांनी चारी दिशांना पाहिलं.

"यहां अकेली थी तुम?"

"हो सर."

मग टेप त्यांनीच आत सोडली आणि बीप वाजल्यावर मी सहाव्या रकान्यात आकडा लिहिला.